ळ बाळाचा : सचित्र अंकलिपीविषयी थोडेसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिल्ली येथे भरलेल्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांला बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तर तो महागाईभत्ता आणि निवृत्तिवेतन यांच्या पलीकडे सहसा जात नाही, अशी एक समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आज आम्ही सोबत फाईल न आणता एक पुस्तक आणले आहे. ते मागच्या रांगेतूनही दिसावे म्हणून वर धरतो. दोन पिनांनी टाचलेले, वहीपेक्षा लहान, कोपरे झिजलेले. मुखपृष्ठावर वीणा घेतलेली सरस्वती. आत प्रत्येक पानावर चौकोनी घरे, प्रत्येक घरात एक अक्षर आणि एक चित्र. छपाई अशी की पोपटाचा हिरवा रंग पोपटाच्या बाहेर सांडला आहे आणि कमळाचा तांबडा रंग शेजारच्या घरात शिरला आहे. शेवटी बाराखडी, वार, महिने आणि तीसपर्यंतचे पाढे. आपणांपैकी बहुतेकांनी ओळखले असेलच. ही अंकलिपी.

आम्ही बी. ए. झालो ते इतिहास विषय घेऊन. भाषाशास्त्राचा किंवा बालशिक्षणाचा आमचा अभ्यास नाही. आम्ही जे बोलणार आहोत ते परप्रांतात दोन मुले वाढवताना जे दिसले, आणि जे वेळेवर दिसले नाही, त्याविषयी आहे.

ही प्रत आमच्या मातुःश्रींनी १९९८ साली साताऱ्याहून कानपूरला पाठवली. तिला निमित्त घडले ते एका मोत्यांच्या माळेचे. मुलीच्या वाढदिवसासाठी आजीने ती माळ स्वतः ओवून पाठवली होती. कन्या त्या वेळी सहा वर्षांची होती, कानपूरच्या शाळेत जाऊ लागली होती आणि हिंदीचे धडे घडाघडा वाचत होती. लिपी एकच असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. हिंदी वाचता येते म्हणजे मराठी आलेच, असा हिशेब आम्ही मनाशी करून ठेवला होता, आणि उत्तरेकडे राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांनी तो आजही तसाच केलेला आम्ही पाहतो. मुलीने आजीला आपल्या हाताने पहिले पत्र लिहिले : ‘आजी, तुझी माल मिलाली. मी ती बाहुलीला घातली.’ आम्ही ते कौतुकाने वाचले आणि न सुधारता टपालात टाकले.

आठवड्याभराने उत्तर आले. मातुःश्रींनी लिहिले होते, ‘माल मिळाला हे वाचून संतोष झाला. रेल्वेने आला की ट्रकने?’ बाकी मजकुरात कोणालाही बोल लावलेला नव्हता. परंतु पाठोपाठ बुक-पोस्टाने ही अंकलिपी आली, आणि तिच्यात एका घराला पेन्सिलीने गोल केला होता. त्या घरात पाळण्यातले एक गुटगुटीत बाळ होते आणि वर अक्षर होते ळ.

मुलीने ते घर बराच वेळ पाहिले. मग तिने आईला विचारले, “आई, बाळ तर ब चं आहे. मग ते इथं का बसलंय?” प्रश्न अगदी रास्त होता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, घ घराचा, छ छत्रीचा. सगळीकडे शब्दाच्या पहिल्याच आवाजाला अक्षर भेटते. ब च्या घरात बदक आहे. मग ब ने सुरू होणारे बाळ एवढ्या दूर, पार शेवटच्या ओळीत का? सौभाग्यवतींनी उत्तर दिले, “ते अक्षर शब्दाच्या शेवटी ऐकू येतं. सावकाश म्हण आणि शेवटपर्यंत ऐक.” मुलगी ‘बाळ’, ‘बाळ’ असे म्हणत राहिली. पहिले काही दिवस ‘बाल’च येत होते. चार-पाच दिवसांनी जीभ वळली. ती नेमकी कशी वळली हे आम्हांला सांगता येणार नाही. आम्ही कचेरीत होतो. घरी परतलो तेव्हा जिन्यातच बातमी मिळाली की नळ, फळ, केळे, डोळा हे सगळे आज घरात आले आहेत.

श्रोतेहो, ळ आणि ण या दोन अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. म्हणून अंकलिपीवाल्याने ण बाणाचा आणि ळ बाळाचा अशी तोड काढली. ती कोणी काढली त्याचे नाव पुस्तकावर नसते. परंतु या तोडीचे मोल आम्हांला कानपुरात कळले. तिथल्या शाळेत मुले एका सुरात म्हणत, ‘ङ खाली, ञ खाली, ण खाली.’ ज्या अक्षराने शब्द सुरू होत नाही त्याचे घर रिकामे ठेवावयाचे, अशी ती रीत. (आमच्या कन्येने ‘खाली’ हा शब्द मराठी समजून अक्षराच्या खाली काय दडले आहे ते वाकून पाहिले होते, ही गोष्ट घरात अजून सांगितली जाते.) ङ आणि ञ यांची घरे आमच्या अंकलिपीतही ओसच आहेत, त्याबद्दल बढाई मारण्याचे कारण नाही. पण ण ला बाण मिळाला आणि ळ ला बाळ मिळाले, आणि त्यामुळे मुलाला शब्द शेवटपर्यंत ऐकण्याची सवय लागते. अंकलिपीतले चित्र आहे ते यासाठी, असे आमचे मत झाले आहे. बाळ म्हणजे काय हे मुलाला चित्रावरून शिकावयाचे नसते. ते त्याला ठाऊकच असते. चित्र पाहून त्याच्या तोंडून शब्द निघतो, आणि शब्द निघाला की त्यातला आवाज कानावर येतो. अक्षर त्या आवाजाला चिकटते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. मुलांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तकांत योहान आमोस कोमेनियस याच्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या ग्रंथाचे नाव अग्रभागी घेतात. तो १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे छापला गेला. लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत मजकूर, दीडशे प्रकरणे आणि प्रत्येकाला लाकडी ठशाचे चित्र. याच्या आरंभीच एक सचित्र वर्णमाला आहे. तिच्यात ‘आ’ या आवाजापुढे काव काव करणारा पक्षी आहे, ‘बे’पुढे ओरडणारे कोकरू आहे. म्हणजे त्या प्राण्याच्या नावाचे आद्याक्षर कोणते याचा कोमेनियसने विचारच केला नाही. प्राणी जो आवाज काढतो तो अक्षराला जोडला. मूल आधी ऐकते, मग पाहते, मग लिहिते, हे त्याला कळले होते. हा गृहस्थ मोरावियाचा. धर्मयुद्धाच्या धामधुमीत मायदेश सोडून परागंदा झाला आणि उरलेले सारे आयुष्य परक्या मुलखांत फिरत राहिला. आपल्या ळ बाळाचा या युक्तीला असा एक जुना सोबती आहे. असो.

मराठी कानाची आणखी एक गंमत चमच्यापाशी उघड होते. हिंदी मुलाच्या पुस्तकात चम्मच आणि आपल्या पुस्तकात चमचा. चित्र तेच, अक्षर तेच, आणि तरीही आवाज वेगळा. आपला चमच्यातला च दातांपाशी उच्चारला जातो. चिमणीतला आणि चंद्रातला च टाळूपाशी. जाते दळते त्यातला ज एक आणि जेवण वाढतात त्यातला ज दुसरा. झाडाचा झ निराळा, झेंड्याचा झ निराळा. ही जोडी मराठी लिपीत दाखवलेली नाही. अक्षराला टिंब नाही की खूण नाही. तेव्हा नुसते पुस्तक हातात देऊन मुलाला हे कधीही कळणार नाही. कोणीतरी त्याला मांडीवर घेऊन, चमच्यावर बोट ठेवून, ‘चमचा’ असे आपल्या घरच्या तोंडाने म्हणावे लागते. ज्ञ चेही तेच. दिल्लीची शाळा त्याला ‘ग्य’ म्हणते आणि आपण ‘द्न्य’ म्हणतो. अंकलिपी हे दोघांनी मिळून वाचण्याचे पुस्तक आहे, आणि तिची मुलांना जी ओढ वाटते ती बहुधा यामुळेच. चित्र बेढब असो, रंग सांडलेला असो. त्या पानापुरते घरातले मोठे माणूस आपल्याजवळ बसते, हे मुलाने हेरलेले असते.

येथवर आम्ही आमच्या कन्येची गोष्ट सांगितली. ती सांगणे सोपे होते.

चिरंजीव तीन वर्षांचे असताना २००० साली आमची बदली कलकत्त्याला झाली. बदलीच्या नोकरीत असलेल्यांना ठाऊक आहे की सामानातल्या काही ट्रंका एका गावी बांधल्या जातात आणि न उघडताच पुढच्या गावी जातात. ही अंकलिपी अशाच एका ट्रंकेत राहिली. कलकत्त्यात मुलांच्या अक्षरांची हौस मोठी. शेजारच्या घरी योगींद्रनाथ सरकार यांचे १८९७ साली निघालेले ‘हाशिखुशी’ होते, ज्यात पहिल्याच अक्षराला अजगर येतो. रवींद्रनाथांचे १९३० सालचे ‘सहज पाठ’ होते, ज्यातली चित्रे साक्षात नंदलाल बोस यांची. आम्ही ती पुस्तके शेजाऱ्यांकडून पाहावयास मागून आणली आणि रात्री आमच्या टेबलावर कौतुकाने चाळली. एका समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या कवीला आणि सर्वांत मोठ्या चित्रकाराला बालवर्गाच्या पुस्तकासाठी बसवले, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले. त्यावर आम्ही कचेरीतल्या मित्रांपुढे एक छोटेसे व्याख्यानही दिले. आणि त्या चार वर्षांत आपल्या मुलाला मांडीवर घेऊन ळ बाळाचा म्हणण्यास आम्हांला सवड झाली नाही. बंगालीत ळ नाही, हिंदीत नाही. घरात आम्ही दोघे मराठी बोलत होतो, परंतु तो आम्हांला उत्तरे देत होता ती सोयीच्या भाषेत, आणि ती चालवून घेतली गेली.

२००४ साली आम्ही दिल्लीला आलो. येथे एक मौज झाली. आमच्याकडे रोहतककडचे एक दूधवाले येत. त्यांच्या बोलण्यात आम्हांला चक्क ळ ऐकू आला. हरियाणवी बोलीत तो आहे. लिहिताना मात्र ल लिहितात. पुढे कळले की ळ च्या बाबतीत आपण काही एकटे नाही. गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम यांत तो आहे, राजस्थानी बोलींत आहे, आणि ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तातही आहे. दूधवाले चिरंजीवांकडून ‘काळा’ म्हणवून घेत आणि तो ‘काला’ म्हणाला की हसत. आम्हीही हसत होतो.

२००९ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्यास गेलो होतो. मातुःश्रींची दृष्टी तोवर बरीच मंदावली होती. त्यांच्या धाकट्या बहिणीचे पत्र आले होते. त्यांनी नातवाला हाक मारून जवळ बसवले आणि म्हणाल्या, “वाच रे बाळा.” तो बारा वर्षांचा, शाळेत हुशार. त्याने पत्र कोठेही न अडखळता वाचून दाखवले. सगळे च टाळूचे, सगळे ळ ल झालेले, ‘वेळ’ची ‘वेल’ झालेली, ‘विज्ञान’चे ‘विग्यान’. मातुःश्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून “छान वाचलंस” म्हणाल्या. तो खेळावयास गेला. मग पत्र आमच्या हातात देऊन म्हणाल्या, “आता तू एकदा वाच. मावशीचं पत्र आहे, तिचा आवाज ऐकू आला नाही.”

आम्ही वाचले. आमचाही आवाज त्या दिवशी फारसा ठीक लागला नाही.

मातुःश्री २०१३ साली गेल्या. त्यांची आम्हांला आलेली पत्रे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. चिरंजीवांना ती वाचता येतात, अर्थही लागतो. पण आजीची पत्रे मोठ्याने वाचावयाची असतात, आणि तेथे तो थांबतो. बहिणीकडे डबा सरकवतो. तो आज अठ्ठावीस वर्षांचा आहे. मध्यंतरी त्याने आपण होऊन ही अंकलिपी मागून घेतली आणि भाचीसाठी हवी आहे असे सांगितले. आम्ही अधिक चौकशी केली नाही.

आता एक आक्षेप. परवा कार्यकारिणीत एका तरुण पालकांनी विचारले की, अंकलिपीतली ही चित्रे आजच्या मुलांना काय समजणार? ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, इ इरल्याचा, उ उखळाचा, द दौतीचा. द्वारकेत किंवा नोएडात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने एडका पाहिलेला नाही आणि त्याच्या आईनेही पाहिलेला नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु खरे सांगावयाचे तर आम्हीही ऐरण पाहिली ती पुष्कळ मोठेपणी. लहानपणी ते चित्र म्हणजे एक विचित्र काळा ठोकळा होता, आणि त्याचे काय करतात हे आम्ही आजीला विचारले म्हणून लोहार, भाता, निखारे, बैलगाडीची धाव हे सगळे आमच्या घरात आले. इरल्याचे चित्र पाहून कोकणातला पाऊस आणि पाठीवर पानांचे छप्पर घेऊन वाकून लावणी करणारी माणसे आली. सगळीच चित्रे ओळखीची असतील तर मूल विचारील काय? आमचे मत असे की, निम्म्याहून अधिक चित्रे घरातली असावीत आणि थोडी अनोळखी राहू द्यावीत. मात्र दौतीच्या जागी दार आले तर आम्ही हरकत घेणार नाही. थ थडग्याचा असे एका जुन्या अंकलिपीत असल्याचे स्मरते. ते गेले याचे आम्हांला मुळीच दुःख नाही.

भ्रमणध्वनीवरच्या बोलक्या अंकलिपीविषयीही विचारले गेले. आम्ही तिच्या विरुद्ध नाही. आमची नात तीन वर्षांची आहे, बंगळूरला असते, आणि त्या पडद्यावर हत्ती सोंड हलवतो तेव्हा तिला जो आनंद होतो तो खरा आहे. पण आमच्या कन्येने सांगितले की, तिथल्या चमच्याचा च टाळूचा निघाला आणि नातीने तो तसाच उचलला. मग तिने फोन बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला चमचा आणला. यंत्र आवाज देते. तो कोणाच्या घरचा आहे हे मात्र पाहून घ्यावे लागते.

अक्षरांच्या वळणाविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. शाळेत मुले शिकतात तो ल उभ्या दांड्याचा. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपल्या श चे वळणही निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली हीच मराठी वळणे अधिकृत केली. मुलांनी दोन्ही ल ओळखावेत. घोटाळा होत नाही, उलट आपल्या घरच्या अक्षराचा निराळा थाट आहे हे त्यांना आवडते, असा रविवारच्या वर्गाचा अनुभव आहे. तेथे आम्ही ग म भ न याच क्रमाने लिहावयास शिकवतो. ही अक्षरे वळणाने जवळची आहेत, एक गिरवले की दुसऱ्याला हात आपोआप वळतो. आणि जाता जाता मुलांना दाखवून देतो की शाळा, फळा, मुळाक्षरे आणि बाळबोध, या शब्दांपैकी एकही ळ वाचून म्हणता येत नाही.

याच वर्गातून सुवर्णमहोत्सवाची एक योजना निघाली आहे. मंडळाने आपली स्वतःची अंकलिपी काढावयाची. चित्रे मुलांनीच काढावयाची. प्रत्येक चित्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी शब्द मोठ्याने म्हटल्यानंतरच काढावयाचे, एवढी एकच अट. आतापर्यंत एकोणचाळीस घरे भरली आहेत. म मेट्रोचा झाला आहे आणि ध धुक्याचा झाला आहे. जानेवारीत दिल्लीत राहणाऱ्या मुलाने तो पान करडे रंगवून दिला आणि खाली सही केली. ए चा एडका कोणीही काढला नव्हता. तो एका सहा वर्षांच्या मुलीने साताऱ्याकडच्या आपल्या पणजीला दूरध्वनीवर विचारून काढला. त्याला पाच पाय आहेत. तसेच छापावयाचे ठरले आहे.

ळ च्या घरावर मात्र एकमत झालेले नाही. बाळ असावे असे काही पालकांचे मत आहे. एका मुलाने पोळी सुचवली, कारण डब्यातली पोळी शाळेत रोटी होते. दुसऱ्याने होळी सुचवली. तो म्हणतो, मित्रांची होली आणि आमची होळी एकाच दिवशी असते, पण आमची आदल्या रात्री पेटते. तिसरीने डोळा काढून आणला आहे, आणि चित्र म्हणून तो सर्वांत चांगला आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात मुलांसमोर याचा निर्णय होईल. घरातील आजी-आजोबांना सोबत आणावे. रंगपेट्या मंडळाकडे आहेत.